कर्करोगाचे निदान झाल्यावर : मन, माणसे आणि कागदपत्रे

ऑगस्ट २०२१ मध्ये माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि शेक असे सगळे उपचार झाले. आज ती रोज एक गोळी घेते, ठरलेल्या तारखांना तपासणीला जाते आणि बाकी वेळ घर, नातवंडे आणि भजनी मंडळ यांत रमलेली असते. तेव्हापासून आपल्या मंडळातील कोणाच्या घरी असे निदान झाले की मला फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात. मुंबईला जावे का? आईला सांगावे का? मेडिक्लेम मिळेल ना? ठेवी मोडाव्यात का? त्यांची उत्तरे एके ठिकाणी असावीत म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नाही. सदतीस वर्षे बँकेत नोकरी करून २०१८ मध्ये निवृत्त झालो. त्यामुळे औषधोपचारांबद्दल जरुरीपुरतेच लिहिले आहे. घर, मन आणि कागद यांबद्दल सविस्तर. उपचारांचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

पहिले काही दिवस

बायोप्सीचा रिपोर्ट आम्हाला काउंटरवर बंद पाकिटात मिळाला. कागद हातात आला की वाचायचा, ही बँकेची सवय. मी तिथेच उभ्याने वाचला. "कार्सिनोमा" हा शब्द दिसला. पत्नीने विचारले, "काय लिहिलंय?" मी म्हटले, "डॉक्टर सांगतील." ती पुढे काही बोलली नाही, पण तिला कळले होते.

तेव्हाची चूक आज समजते. रिपोर्ट डॉक्टरांसमोर बसूनच उघडावा आणि दोघांनी एकत्र ऐकावा. ते शक्य नसेल तर वाचल्यावर निदान खोटे बोलू नये.

पहिल्या आठवड्यात डोके चालत नाही. डॉक्टर बोलत असतात आणि आपल्याला एक शब्दच ऐकू येत राहतो. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. डॉक्टरांकडे तिसरा माणूस सोबत न्यावा. त्याचे काम फक्त लिहून घेण्याचे. प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहून ठेवावेत. आणि त्या आठवड्यात पैशाचा कोणताही मोठा व्यवहार करू नये. मी घाबरून दुसऱ्याच दिवशी एक मोठी मुदत ठेव मोडली. ते पैसे पुढचे दोन महिने बचत खात्यात पडून होते.

बहुतेक कर्करोगांत नीट तपासण्या करून उपचार ठरवण्यासाठी एक-दोन आठवडे घेतल्याने बिघडत नाही. रक्ताच्या काही कर्करोगांत किंवा श्वास, रक्तस्राव, मज्जारज्जूवरील दाब अशी अडचण असेल तर मात्र ताबडतोब हालचाल करावी लागते. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा : "आमच्याकडे किती दिवस आहेत?"

रिपोर्टमधील शब्द

बायोप्सी म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणे. "सुई लावली की पसरतो" हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि त्यापायी लोक महिनोन्‌महिने घालवतात. तुकडा तपासल्याशिवाय रोग कोणता हे ठरत नाही आणि ते ठरल्याशिवाय योग्य उपचार सुरू होत नाहीत.

स्टेज आणि ग्रेड या वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेज म्हणजे रोग शरीरात किती पसरला आहे; साधारणपणे १ ते ४ अशी मोजतात. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बदललेल्या दिसतात. "ग्रेड ३" वाचून आमच्या एका नातेवाइकाने तिसरी स्टेज समजून घरात रडारड केली होती.

आयएचसी ही त्याच तुकड्यावरची पुढची तपासणी. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू पाहतात आणि त्यावरून कोणते औषध लागू पडेल ते ठरते. म्हणूनच एकाच स्टेजच्या दोन बायकांचे उपचार सारखे नसतात. शेजारणीला काय दिले याची आपल्याशी तुलना करू नये.

बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा (त्याला ब्लॉक म्हणतात) प्रयोगशाळेकडे असतो. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायचे तर तो लागतो. अर्ज करून मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

दुसरे मत आणि मुंबईची वारी

दुसरे मत घेणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. चांगले डॉक्टर स्वतःहून कागद देतात. शक्य असेल तर जिथे शल्यचिकित्सक, केमोचे डॉक्टर आणि शेक देणारे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात अशा ठिकाणी ते घ्यावे. या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात.

वडोदऱ्याच्या मराठी घरात कर्करोग म्हटले की "परळ" हाच शब्द प्रथम निघतो. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून ही कल्पना निघाली. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. गर्दी प्रचंड असते. तिथे उपचार घेणे म्हणजे अनेक महिने मुंबईत राहणे किंवा पुन्हा पुन्हा ये-जा करणे. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांना परिचित आहे. पण जागा मिळेलच असे धरून जाऊ नये, आधी चौकशी करावी.

आम्ही मधला मार्ग घेतला. मत परळचे घेतले, उपचार वडोदऱ्यात घेतले. अहमदाबादला असारव्याच्या सिव्हिल रुग्णालयाच्या आवारात गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. आपल्याला तेही जवळचे आहे. शिवाय २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील अनेक केंद्रांत उपचारांच्या समान मार्गदर्शिका वापरल्या जातात. केमो सोळा-सोळा वेळा घ्यायची असते. प्रत्येक वेळी रात्रीच्या गाडीने प्रवास करणे रुग्णाला झेपेल का, मुंबईत सोबत कोण राहील, याचा हिशेब आधी मांडावा. मोठ्या नावापेक्षा वेळेवर पूर्ण झालेला उपचार महत्त्वाचा.

घरात कोणाला, किती सांगायचे

"आईला सांगू नका, ती खचेल" हे वाक्य मी आजवर अनेक घरांत ऐकले आहे. हेतू प्रेमाचाच असतो. पण केस गळतात, शेक सुरू होतो, प्रतीक्षालयात शेजारची बाई सहज विचारते, "तुम्हाला कुठला?" मग आईला कळतेच, आणि शिवाय घरचे खोटे बोलले हेही कळते. त्यानंतर ती कोणालाच काही विचारत नाही. घरात असून एकटी पडते.

माझे मत असे, की रुग्णाला विचारावे : "तुला किती जाणून घ्यायचंय?" काहींना प्रत्येक आकडा हवा असतो; काही म्हणतात, "तुम्ही बघा, मला फक्त काय करायचं ते सांगा." दोन्ही ठीक. निर्णय त्यांचा असावा, आपला नव्हे. सज्ञान रुग्णाला आपल्या आजाराची माहिती मिळण्याचा आणि उपचाराला होकार-नकार देण्याचा हक्कही आहे.

लहान मुलांना त्यांच्या वयाप्रमाणे खरे सांगावे. आजार संसर्गजन्य नाही, आजीजवळ बसता येते, जेवता येते. आणि त्यांच्या वागण्यामुळे आजार झालेला नाही, हेही स्पष्ट बोलावे. मुले हा विचार मनात करतात, विचारत नाहीत.

नातेवाइकांसाठी घरातील एकाच माणसाने बातमी देण्याचे काम घ्यावे. आमच्याकडे ते सुनेने घेतले. व्हॉट्सॲपवर आठवड्याला चार ओळी. त्यामुळे रोज पंचवीस जणांना तीच कथा सांगण्याचा त्रास वाचला.

भेटायला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आपल्या ओळखीतील कोण कशाने गेले याच्या गोष्टी रुग्णासमोर सांगू नका. औषधांच्या चिठ्ठ्या आणू नका. "खंबीर राहा" असे म्हणून निघून येण्यापेक्षा "गुरुवारी डबा मी आणते" असे सांगा आणि आणा. आमच्या शेजारच्या गुजराती बा दर मंगळवारी मऊ खिचडी आणि कढी पाठवत. मला तेव्हाच्या सांत्वनाचे शब्द फारसे आठवत नाहीत, ती कढी मात्र आठवते.

मनाची अवस्था

एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार अशा पाच अवस्था मांडल्या. त्या उपयोगी आहेत, पण जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकामागून एक येत नाहीत. सकाळी स्वीकार, दुपारी राग, रात्री पुन्हा नकार असेही होते. त्यात काही चुकीचे नाही.

"मी कोणाचं काय वाईट केलं होतं?" हा प्रश्न आपल्याकडे येतोच. कर्करोग हे पापाचे फळ नाही. तंबाखू, मद्य, काही विषाणू, वय, आनुवंशिकता अशी त्याची कारणे असतात आणि पुष्कळदा एका रुग्णापुरते नेमके कारण सापडतच नाही. ज्याला तंबाखूमुळे झाला त्यालाही टोमणे मारून काही साधत नाही. शरद पवार यांनी २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाशी सामना केला आणि पुढे तंबाखू-सुपारीपासून दूर राहा असे लोकांना जाहीरपणे सांगितले. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये आपला आजार उघडपणे सांगितला. अशा लोकांमुळे हा शब्द घरात मोठ्याने उच्चारणे थोडे सोपे झाले.

आमच्या घरचा अपराधीपणा वेगळा होता. पत्नीला गाठ एप्रिलमध्येच लागली होती. तेव्हा कोविडची दुसरी लाट होती आणि मी स्वतः तापाने आतल्या खोलीत पडून होतो. "तुम्हाला त्या स्थितीत काय सांगणार, आणि दवाखान्यात जागा तरी कुठे होती," असे तिने नंतर सांगितले. चार महिने ती गप्प राहिली. माझे मन अनेक दिवस त्या चार महिन्यांत अडकून होते. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, "मागचं मोजून उपयोग नाही, पुढची तारीख चुकवू नका." ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

झोप न लागणे, रडू येणे, चिडचिड हे सुरुवातीला होते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, जेवण तुटले असेल, किंवा "आता जगून काय करू" असे बोलणे होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते कर्करोगाच्या उपचाराबरोबर घेता येतात. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे; मराठी व गुजराती दोन्हींत बोलता येते. नामस्मरण, पोथी, संगीत यांनी आधार मिळत असेल तर जरूर घ्यावा. आमच्या घरी केमोच्या दिवशी जुनी नाट्यगीते लागत.

उपचार चालू असताना

केमो चालू असताना घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त झाला तर ती तातडीची बाब समजावी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा संसर्गही जीवावर बेतू शकतो. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा. आम्हाला तो एकदा पहाटे अडीच वाजता लागला.

जेवण ताजे, शिजवलेले, पाणी उकळलेले. थोडे थोडे, पण वारंवार. डाळ, दही, पनीर, चालत असल्यास अंडी. "साखर बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरेल" असे सांगणारे भेटतील. त्या नादात रुग्णच उपाशी राहतो. मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टर सांगतील तसे. गव्हांकुराचा कच्चा रस, काढे, हळदीच्या कॅप्सूल, कुठल्या वैद्याच्या पुड्या यांपैकी काहीही घेत असल्यास ते केमोच्या डॉक्टरांपासून लपवू नये. काहींचा औषधांशी विरोध होतो. आणि "आधी सहा महिने हे करून पाहू" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. ते सहा महिने परत मिळत नाहीत.

केस गळणे ही गोष्ट पुरुष हलकी समजतात. मीही समजलो. "परत येतील ना!" असे म्हणालो तेव्हा ती पहिल्यांदा रागावली. नंतर तिने स्वतःच केस बारीक कापून घेतले आणि सुती रुमाल बांधू लागली. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जावे की नाही असे तिच्या मनात होते. मैत्रिणी घरी आल्या आणि हळदीकुंकू तिथेच झाले.

काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या हातावर सूज येण्याची शक्यता असते. शक्यतो त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, आणि शिकवलेले व्यायाम नेमाने करावेत.

फाईल

दोन फाईली कराव्यात. एक वैद्यकीय, एक पैशाची.

वैद्यकीय फाईलमध्ये तारखेप्रमाणे : बायोप्सी, आयएचसी, स्कॅनचे रिपोर्ट व सीडी, शस्त्रक्रियेची टिपणे, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक केमोचा कागद, रक्ताचे रिपोर्ट. सर्वांत वर एक पान : नाव, वय, रक्तगट, निदान, ॲलर्जी, चालू औषधे, डॉक्टरांचा नंबर.

पैशाच्या फाईलमध्ये मूळ बिले, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या (चिठ्ठीशिवाय बिल विमा कंपनी मान्य करत नाही), पॉलिसी, दाव्याचा पत्रव्यवहार. मूळ कागद देण्यापूर्वी प्रत्येकाचा मोबाइलवर स्कॅन घ्यावा आणि देताना पोच घ्यावी. बँकेत आम्ही पोचेशिवाय कागद सोडत नसू; इथेही सोडू नये.

विमा : आमचा अनुभव

निवृत्तीनंतर बँकेच्या समूह विम्याचा हप्ता जास्त वाटला म्हणून मी त्यातून बाहेर राहिलो आणि २०१८ मध्ये एका कंपनीची पॉलिसी घेतली. हा निर्णय मी पुन्हा घेणार नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी कॅशलेस नाकारले गेले. बिल भरून दावा केला, तोही नाकारला. कारण : आजार पॉलिसीपूर्वीचा. कागद मागवले तेव्हा उलगडा झाला. दाखल होताना गाठ किती दिवसांपासून आहे असे विचारले, पत्नीने "चार महिने" सांगितले आणि लिहिणाऱ्याने "४ वर्षे" लिहिले. ते चार महिने आधीच मनाला टोचत होते; आता कागदावर त्यांची चार वर्षे झाली होती.

उपयोगी पडला तो एक जुना कागद : २०१९ च्या तपासणीतील मॅमोग्राफीचा स्वच्छ रिपोर्ट. तो आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे दुरुस्तीचे प्रमाणपत्र जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी गेलो. तिसऱ्या महिन्यात रक्कम मिळाली. यातून शिकण्यासारखे :

१. दाखल होताना लिहिली जाणारी "हिस्ट्री" स्वतः वाचावी. चूक दिसली तर तिथेच, सहीनिशी दुरुस्त करून घ्यावी. डिस्चार्ज कार्डही घरी जाण्यापूर्वी वाचावे.

२. पॉलिसी घेताना जुने आजार लपवू नयेत. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनुसार आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू असेल तर माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

३. कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे विमा नियामकाचे मे २०२४ चे परिपत्रक सांगते. काउंटरवर हे नम्रपणे सांगता येते.

४. केमो "डे केअर" मध्ये येते. त्यासाठी चोवीस तास दाखल असण्याची अट नसते. खोलीभाड्याची मर्यादा आणि गोळ्यांच्या केमोवरील मर्यादा पॉलिसीत पाहाव्यात.

५. नकार नेहमी लेखी घ्यावा. आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही. गुजरातसाठी कार्यालय अहमदाबादला आहे.

सरकारी योजना, प्रवास आणि कर

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. गुजरातमध्ये जुलै २०२३ पासून ही मर्यादा १० लाख आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. आधार कार्डावर "वय वंदना" कार्ड निघते. आपल्या मंडळातील अनेक निवृत्तांना वाटते की ही योजना आपल्यासाठी नाही. सत्तरी ओलांडली असेल तर आहे. आजारपण येण्याआधीच कार्ड काढून ठेवावे.

गरज असेल तर पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे अर्ज करता येतो. शिवाय रुग्णालयातील समाजसेवा विभागाला जरूर भेटावे. त्यांना ट्रस्ट, औषध कंपन्यांच्या सवलती आणि राहण्याच्या सोयी ठाऊक असतात. मागायला संकोच वाटतो हे मी जाणतो, पण तो विभाग त्याचसाठी असतो.

उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर व थ्री-टायर एसीमध्ये पूर्ण, टू-टायर एसीत ५० टक्के सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-टायरमध्ये सोबत्याला ७५ टक्के मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

आयकर कायदा १९६१ च्या कलम ८०-डीडीबी खाली कर्करोगाच्या उपचारखर्चाची वजावट मिळते : ४०,००० रुपयांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाखापर्यंत. विम्याची मिळालेली रक्कम त्यातून वजा होते आणि तज्ज्ञ डॉक्टरांची विहित चिठ्ठी लागते. ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. सल्लागाराला विचारून घ्यावे.

बँकेची कामे

पैसे काढण्याचा क्रम ठरवावा. आधी विमा, मग बचत खाते, मग व्याज कमी मिळणारी ठेव. ठेवीची मुदत संपायला थोडे महिने उरले असतील तर मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घेणे बहुधा स्वस्त पडते. गंभीर आजारासाठी पीपीएफ खाते पाच आर्थिक वर्षे झाल्यावर बंद करता येते, एक टक्का कमी व्याजाने. घर आणि दागिने यांना शेवटी हात लावावा.

रुग्णालयात एका प्रसंगासाठी २ लाख किंवा अधिक रोख स्वीकारता येत नाही. डिसेंबर २०२३ पासून रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाख करण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. आपल्या बँकेची मर्यादा किती ते आधी पाहावे.

खाते एकाच्याच नावावर असेल तर वेळीच संयुक्त करावे. ठेवींवर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असले तरी मुदतीपूर्वी मोडताना दोघांच्या सह्या मागितल्या जाऊ शकतात, म्हणून तशी लेखी सूचना आधीच द्यावी. सही करता येत नसेल तर अंगठ्यावर पैसे मिळतात. दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरील ग्राहकांना आणि आजारी व्यक्तींना घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून दिल्या आहेत. पेन्शनरांनी हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून द्यावा. त्यासाठी रुग्णाला शाखेत नेऊ नये.

नामनिर्देशन तपासावे. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. पण नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. कुलमुखत्यारपत्रावर फार विसंबू नये. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपते.

हा विषय काढला की घरात शांतता पसरते. आमच्याकडे मी आधी स्वतःचे मृत्युपत्र केले. मग पत्नीने म्हटले, "माझंही करून टाका." आजाऱ्यापुरते न करता सगळ्यांचे केले की त्यातला अपशकुन निघून जातो.

सोबत करणाऱ्यासाठी

सोबत करणाराही थकतो. रात्री जागणे, रांगा, हिशेब आणि चेहऱ्यावर हसू. माझा रक्तदाब त्या काळात वाढला आणि तीन महिने मी तो मोजलाच नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्या कोणावर सोपवून कमाटीबागेत फिरून यावे. स्वतःची औषधे वेळेवर घ्यावीत. आणि कामे वाटून द्यावीत. "मीच सगळं करीन" यात प्रेमाइतकाच हट्टही असतो.

उपचार संपल्यावर, आणि बरे होणे शक्य नसेल तेव्हा

शेवटचा शेक झाला की घरातील सगळ्यांना वाटते, संपले. रुग्णाला मात्र तेव्हाच एकटे वाटू लागते. रोज डॉक्टर बघत होते, आता कोणी बघत नाही. प्रत्येक खोकला, प्रत्येक दुखणे भीती घालते. तपासणीच्या आधीचा आठवडा आमच्याकडे अजूनही जड जातो. त्या आठवड्यात आम्ही मोठी कामे ठेवत नाही.

सगळ्यांचाच रोग बरा होत नाही. तेव्हा "आता काही करता येणार नाही" हे वाक्य खरे नसते. वेदना, धाप, मळमळ, भीती यांवर पुष्कळ करता येते. त्याला परिहार सेवा म्हणतात, आणि ती शेवटी नव्हे, लवकर घ्यायची असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला. शेवटच्या दिवसांत कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही.

शेवटी एकच सांगतो. गाठ, न भरणारी जखम, तोंडातील पांढरा डाग, अकारण रक्तस्राव, बदललेला आवाज यांपैकी काही घरात कोणाला असेल आणि "आत्ता नको, दिवाळीनंतर बघू" असे चालले असेल, तर याच आठवड्यात दाखवून या. घरातल्या बायका स्वतःहून सांगत नाहीत. त्यांना विचारा. मी एप्रिलमध्ये विचारले नव्हते.